यमुनाबाईंचं करडू

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, कंपनीतल्या मित्रांजवळ नाही, आणि जुन्या सिनेमांच्या वस्तू जमवणाऱ्या आमच्या मंडळींत तर मुळीच नाही – तिथे एक शिंकला तर दुसऱ्या दिवशी मुंबईपर्यंत कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि सांगता सांगता मी चिडणार आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. या सगळ्या प्रकरणात मला प्रत्येकाचा वैताग आला – फ्रेमवाल्याचा, बघायला येणाऱ्यांचा, त्या म्हाताऱ्या बाईंचा. स्वतःचा यायला मात्र फारच उशीर झाला.

मी सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दिवसभर मापं घ्यायची. लेथवरून आलेला तुकडा केसभर कमी भरला तरी बाजूला काढायचा, आणि ज्याने बनवला त्याच्याशी हुज्जत घालायची. माझ्या मापावर कुणी बोट ठेवलेलं मला खपायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ मापाचाच आहे.

घरी मात्र मी वेगळा माणूस. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक पूर्ण सिनेमाने भरलेली. पोस्टरं, थिएटरबाहेर काचेच्या पेटीत लावायचे फोटो, गाण्यांच्या चोपड्या, रेकॉर्डची कव्हरं. बायको म्हणायची, माणसाला झोपायला जागा नाही आणि मेलेल्या सिनेमांना आहे. बरोबरच होतं तिचं. नव्वदच्या त्या दशकात केबल घरोघर आली, जुनी थिएटरं एकेक करून माना टाकायला लागली, आणि लोक पेट्याच्या पेट्या रद्दीत घालत होते. मी रद्दीवाल्याच्या आधी पोचायचो, एवढीच माझी हुशारी. पण हळूहळू नाव झालं. एका स्थानिक पेपरने सदर लिहायला दिलं. तिथे मी काय काय उपदेश करायचो, विचारू नका! जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर करूच नका – अहो, लॅमिनेशन केलेलं पोस्टर बघितलं की अजून माझं डोकं फिरतं. आणि एकदा ठळक अक्षरांत छापून आलं होतं, की जुन्या पोस्टरला ब्लेड लावणाऱ्याला माझ्या घराचा उंबरा बंद.

हे मी लिहिलं होतं. मी.

ते पोस्टर मला कळवणला मिळालं. तिथे एका गृहस्थांच्या वडिलांची फिरती टॉकीज होती – तंबू, जनरेटर, लाकडी खुर्च्या, आणि वणीच्या यात्रेत दरवर्षी मुक्काम. वडील गेले, तंबू उंदरांनी खाल्ला. उरली एक पत्र्याची पेटी. तिच्या तळाशी, आपण फडताळात पेपर अंथरतो ना, तसं ते पोस्टर अंथरलेलं होतं. मराठी सिनेमाचं, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या मंडळींतला कुणीही दोन मिनिटांत ओळखेल, आणि मला कबुली द्यायचीय ती तुमच्याजवळ, त्यांच्याजवळ नाही. बघा, अजूनही भ्याडपणा गेलेला नाही.

त्या सिनेमाची रिळं कुठेच शिल्लक नाहीत. तेव्हाची रिळं वितळवून त्यांच्या बांगड्या केल्या म्हणतात. चोपडीही कुणी पाहिलेली नाही. मागे राहिलं ते हे एक पोस्टर. मी ते मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो, ते नाशिक येईपर्यंत हललोसुद्धा नाही.

त्याच सुमारास शहरातल्या एका हॉलमध्ये माझ्या संग्रहाचं प्रदर्शन ठरलं. आमच्या जिल्ह्याचं आणि सिनेमाचं जुनं नातं आहे, असं प्रत्येक वक्ता इथे सांगतो, तसं उद्घाटनालाही सांगितलं जाणार होतं. हे पोस्टर मधोमध लावायचं, काचेच्या मोठ्या फ्रेममध्ये, असं मी जाहीर करून बसलो. सातपूरलाच एका वर्कशॉपवाल्याला अॅल्युमिनियमची फ्रेम सांगितली. माप मीच दिलं. पोस्टर कोरडं, ठिसूळ, उलगडायला भीती वाटत होती. म्हणून होतं तसंच मोजलं.

आणि पेटीत बसावं म्हणून कुणीतरी त्याची उजवी कड मागे दुमडलेली होती. दुमड इतकी जुनी आणि इतकी चपटी, की कागदाशी एकजीव झालेली. माझ्या बोटांना ती लागली नाही. केसभर चूक पकडणारी बोटं माझी – त्यांना चांगली चार बोटं रुंद दुमड लागली नाही. काय बोलायचं?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोस्टर ओलसर करून मलमलीवर चिकटवायला घेतलं. खळ तयार होती. पाण्याचा हात फिरवला, आणि ती कड आपोआप उघडली. आतून एक मुलगी बाहेर आली.

बारा-तेरा वर्षांची असेल. परकर-पोलकं, कपाळावर केस, आणि छातीशी धरलेलं शेळीचं करडू. करडाचा एक कान काळा. अंधारात राहिल्यामुळे तेवढ्याच भागाचे रंग ताजे होते. मधले नायक-नायिका फिकुटलेले, आणि ही पोरगी काल छापल्यासारखी. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? एखाद्या खऱ्या माणसाला झाला असता. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? – आता हे फ्रेममध्ये बसणार नाही.

मी वर्कशॉपवाल्यावर जाऊन ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, साहेब, माप तुमचंच आहे. तिथे आमच्या खात्यातली दोन पोरं उभी होती. ती एकमेकांकडे बघून हसली, किंवा मला तसं वाटलं. मी तणतणत घरी आलो. कड पुन्हा मागे दुमडून पाहिली, तर मलमलीमुळे जाड झाली, काच बसेना. पोस्टर बिनफ्रेमचं लावता आलं असतं. दुसरं काहीतरी मधोमध लावता आलं असतं. प्रदर्शनाला यायचं म्हणून कुणाचा जीव अडला नव्हता. मी स्टीलची पट्टी घेतली, ब्लेड घेतलं, आणि ती कड कापली. सरळ, एका झटक्यात. माप अगदी बरोबर आलं.

कापलेली कड दिसू नये म्हणून चारी बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावली. मुलगी आणि करडू गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत घातलं आणि नळी कपाटावर ठेवली. आमच्यासारख्याला काही फेकून देता येत नाही हो. तेवढं तरी यायला हवं होतं.

प्रदर्शन छान झालं. लोक पोस्टरसमोर उभे राहून फोटो काढत होते. आणि किती प्रकारचे लोक – थुंकी लावून चोपड्यांची पानं उलटणारे, यातलं विकायचं काय आहे असं विचारणारे, सगळे सिनेमे आपल्याच मामांनी काढले असं सांगणारे. प्रत्येक प्रदर्शनात मामावाले असतातच. दुसऱ्या दिवसापर्यंत माझा पारा चढलेला होता. आणि त्या दिवशी मखमलाबादचं कुटुंब आलं.

फुलांचा मळा असलेली माणसं. पहाटे बाजारात गुलाब आणि झेंडू उतरवून, रिकाम्या टेम्पोत आईला घेऊन मुलगा आला होता. मुलाचं नाव रामदास, त्याची बायको सुनंदा, आणि आई यमुनाबाई. साठीच्या पुढच्या, नऊवारी, बारीक चणीच्या. त्या कुठेही न थांबता सरळ मधल्या फ्रेमपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. मग मला हाक मारली.

"भाऊ, इथं मी व्हते. ह्या अंगाला. हातात करडू व्हतं माझ्या."

आजूबाजूची माणसं वळली. कुणाला माहीत नसलेली गोष्ट. मी आणि कपाटावरची नळी, एवढ्यांनाच माहीत असलेली. आणि ही बाई सहज सांगत होती. करडाचा एक कान काळा होता, तेसुद्धा.

रामदास संकोचला. आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने मला बाजूला घेऊन समजावलं. आई लहान असताना कंपनीवाले गोदावरीपलीकडच्या मळ्यात शूटिंगला आले होते म्हणे. नायिकेने करडू उचलायचं होतं, पण करडू तिच्या हातात गेलं की ओरडायचं. जिचं करडू ती पोरगीच मग उभी केली. पोरींना थिएटरात न्यायची तेव्हा घरात सोय नव्हती. तिच्या वडिलांनी तिला बाहेरच्या भिंतीवरचं पोस्टर तेवढं दाखवून आणलं. लग्न होऊन ती सासरी आली, हौसेने सांगून बसली, आणि कुणाचाच विश्वास बसला नाही. सासऱ्यांनी थट्टा केली, नवऱ्याने केली, मग सगळ्यांनीच. रामदास हसत म्हणाला, "आमच्या घरात कुणी थाप मारली ना साहेब, तर आम्ही म्हणतो, करडू नको सांगू. म्हणजे पार माझ्या पोरांपर्यंत गेलंय ते." पेपरात माझ्या प्रदर्शनाची बातमी वाचून त्यानेच आईला आणलं होतं. एकदाचं खरं-खोटं होऊन जाऊ दे, असं त्याच्या मनात होतं. चांगला मुलगा होता. त्याला ते खरं निघायला हवं होतं.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं होतं मी? घर तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. नळी आणायची आणि उघडायची. बस. पण मग ब्लेडही सगळ्यांसमोर येणार. पेपरातलं ते ठळक वाक्य येणार. तो मापाचा माणूस, ज्याला माप घेता आलं नाही, तो येणार. गर्दीत आमच्या मंडळींतले दोघे कान टवकारून उभे होते. आणि खरं सांगतो, मला त्या बाईंचाच राग आला. आजच यायचं होतं? इतकी वर्षं थांबली होती ना?

मी माझ्या इन्स्पेक्शनच्या आवाजात म्हणालो, "मावशी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. पोस्टर पूर्ण आहे. छापलं तेव्हापासून एवढंच आहे."

कुणीतरी मागे हसलं. सुनंदाने खाली बघितलं. यमुनाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फ्रेमच्या उजव्या कडेला काचेवर बोट टेकवलं, काळी पट्टी सुरू होते बरोबर तिथे, आणि म्हणाल्या, "इथनं पुढं कागद व्हता." मग रामदासने त्यांचा दंड धरला आणि ते निघून गेले. जाताना दारात त्याने आईला काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्याच्या मानेवरून कळलं. त्याचं खरं-खोटं होऊन गेलं होतं.

काचेवर बोटाचा ठसा उमटला होता. मी खिशातला रुमाल काढला आणि तो पुसला.

पुढे ते पोस्टर माझ्यापेक्षा मोठं झालं. मुंबईच्या एका प्रकाशकाने जुन्या सिनेमांच्या पुस्तकात त्याचा फोटो छापला. मग कॅलेंडरवर आलं. कॉम्प्युटर आले, तशी त्याची चित्रं इकडून तिकडे फिरायला लागली. सगळीकडे माझ्या ब्लेडच्या मापाचं. आता तेच खरं. उद्या कुणी मुलीसकट दुसरी प्रत आणली, तर आमची मंडळी म्हणतील की ही बनावट आहे. एखाद्या माणसाचं अस्तित्व पुसायला मोठा खलनायक लागतो असं सिनेमात दाखवतात. तसं काही नसतं. फ्रेम करून झाली होती, एवढंच.

मी हे विसरलो होतो का? नाही हो. खोली झाडताना नळी दिसायची, मी फडकं फिरवायचो आणि परत ठेवायचो. एकदोनदा मखमलाबादला जायचं ठरवलं. मग वाटायचं, आता काय सांगणार – तेव्हा का नाही सांगितलं, याचं उत्तर कुठून आणणार? दर वर्षी ते उत्तर आणखी अवघड होत गेलं. आणि दर वर्षी मी त्या बाईंवरच चिडत राहिलो.

मग एक दिवस सुनंदा घरी आली. तोवर शहरात मल्टिप्लेक्स आलं होतं, मी लवकर निवृत्ती घेतली होती. पत्ता विचारत विचारत आली होती बिचारी, हातात मळ्यातल्या गुलाबांची जुडी. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या, पण करडाचं चालूच होतं. येईल त्याला विचारायच्या, तुम्ही तरी बघितलं का? सुनंदा खुर्चीच्या अगदी टोकावर बसली आणि म्हणाली,

"काका, तुमच्याकडं एवढी चित्रं हेत. कोन्तंबी एक घेऊन चला न् त्यांना म्हना, ही बघा तुम्ही. खोटं का असंना. तेवढंच समाधान."

कळलं का तुम्हाला? ती मला खोटं बोलायला सांगत होती. दयेने. आणि तिला जे खोटं हवं होतं ते खरं होतं. ते तिच्या डोक्यावर, कपाटावर, नळीत होतं.

मी काय म्हणालो माहीत आहे? हे वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "सुनंदाताई, बाकी काहीही सांगा, पण खोटं मला जमणार नाही. इतिहासाचा प्रश्न आहे."

इतिहासाचा! ती एकदम ओशाळली. चुकलं काका, म्हणाली. माझी माफी मागितली तिने. चहा न घेता गेली. जुडी टेबलावरच राहिली. बायकोने फुलं पाण्यात घातली आणि म्हणाली, कोण होती हो, किती गरीब स्वभावाची. मी म्हणालो, प्रदर्शनातली ओळख.

थोड्याच दिवसांत पेपरात छोटी बातमी वाचली. यमुनाबाई गेल्या.

आमच्याकडे माणूस गेलं की दारावर जातात. मीही गेलो, भेटायला म्हणून. आणि ऐका – मी नळी बरोबर घेतली होती. कापडी पिशवीत घालून. बसमध्ये मनाशी सगळं पक्कं केलं होतं. आधी ती कापलेली कड उलगडायची, मग बोलायचं. बोलता आलं नाही तरी कड बोलेल.

ओसरीत सतरंजीवर माणसं बसली होती. भिंतीवर यमुनाबाईंचा नवा फोटो, हार घातलेला. मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला असावा, चेहरा सगळा धुरकट. त्यांचा दुसरा फोटो नव्हता, रामदास म्हणाला. मी पिशवी पायाशी ठेवली. सुनंदाने चहा दिला. तिच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हतं. उलट शेजारणीला सांगत होती, हे ते सिनेमाचे साहेब, फार सच्चा माणूस.

तेवढ्यात तिचा भाऊ कुणाला तरी सांगायला लागला, दसऱ्याला त्याच्या झेंडूला काय भाव मिळाला ते. भाव ऐकून दोघे-तिघे हसले, आणि सुनंदा सवयीने म्हणून गेली, "भाऊ, करडू नको सांगू."

सुनंदाने पदराचं टोक तोंडावर धरलं. रामदास फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई शेवटपर्यंत तेच सांगत राह्यली. आमचं कुनाचं ऐकलं नाही तिनं." त्याचे डोळे भरले होते. तो रागावला होता की रडत होता, मला सांगता येणार नाही. तो माझ्याकडे वळला. त्याला काही विचारायचं नव्हतं, नुसताच वळला. नळी माझ्या पायाला लागत होती.

मी म्हणालो, चहा छान झालाय.

कप खाली ठेवला, हात जोडले, पिशवी उचलली आणि घरी आलो.

फ्रेम आमच्या भिंतीवर आहे. समोरच्या कपाटावर नळी आहे. एकाच खोलीत आहेत दोन्ही. मधे एकदा नळी उघडून पाहिली. रंग अजून ताजे आहेत, करडाचा काळा कानसुद्धा. रामदास आणि सुनंदा त्याच मळ्यात राहतात. त्यांच्या घरात अजून तसंच म्हणत असतील. मखमलाबादला जाणं काही अवघड नाही. मी गेलेलो नाही.